‘बघते’ म्हणाले त्या दिवसापासूनची वही

साधारण दोन वर्षं होतील. दादाचा फोन आला, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, तारीख अचानक लवकरची मिळालीय, निम्मे पैसे तू टाकशील ना. रक्कम काही फार मोठी नव्हती, माझ्या पगाराच्या निम्मीसुद्धा नाही, आणि मी म्हणाले, "बघते रे, संध्याकाळी सांगते." फोन ठेवून खातं उघडलं तर महिना संपायला अकरा दिवस बाकी आणि शिल्लक जेमतेम तेवढे दिवस निघतील एवढी. नऊ वर्षं नोकरी करत होते तेव्हा मी. दादाने संध्याकाळची वाटच बघितली नाही, सगळे भरून टाकले, नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्याचंच मला इतकं लागलं की रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट प्रिंट काढलं आणि पेन घेऊन बसले. मला खात्री होती की त्यात एखादी मोठी चूक सापडेल, म्हणजे काहीतरी महागडं घेतलेलं, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की हे बघ, इथे गेले पैसे. तसं काहीच नव्हतं. होत्या त्या २३७ नोंदी, बहुतेक सगळ्या छोट्या, आणि त्यातल्या साठेक नोंदी बघून मला आठवेचना की हे नक्की काय घेतलं होतं. घरात शोधलं तरी काही वस्तू सापडल्या नाहीत. मला वाईट पैसे गेल्याचं वाटलं नाही तेवढं या न आठवण्याचं वाटलं, कारण मी दिवसाचे दहा तास घराबाहेर राहून जे कमावते ते माझ्याच हाताने दिलं होतं आणि देताना मी तिथे नव्हतेच.

मग मी या विषयावर वाचायला लागले आणि लक्षात आलं की हे "तिथे नसणं" फक्त माझं नाहीये, त्याच्यावर भरपूर संशोधन झालंय. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये पैसे देतानाच्या दुखण्याबद्दल लिहिलं. म्हणजे पैसे देताना मनाला एक छोटासा चिमटा बसतो, आणि तो चिमटाच आपल्याला आवरतो. नोटा मोजून दिल्या की तो जोरात बसतो, कार्डाने दिले की हलका, आणि आधीच सेव्ह करून ठेवलेल्या कार्डाने एका टॅपवर दिले की जवळपास बसतच नाही. याच प्रेलेक यांनी डंकन सिमेस्टर यांच्यासोबत एक प्रयोग केला होता, तो २००१ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, काहींना सांगितलं रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं कार्डाने द्या. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्याही वर गेली! तिकिटं तीच, मॅच तीच.

हे वाचल्यावर मला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. हायसं यासाठी की मी काही मुळातच उधळी नाहीये. आणि राग यासाठी की मधला तो चिमटा काढून टाकण्यावर किती हुशार लोकांनी किती वर्षं घालवलीत. एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं ॲमेझॉनला १९९९ मध्ये चक्क पेटंट मिळालं होतं, ते २०१७ मध्ये संपलं आणि आता तर सगळीकडेच तसं बटण असतं. पत्ता आधीच भरलेला, कार्ड आधीच भरलेलं, वर पुन्हा "फक्त २ शिल्लक" असं लाल अक्षरात. हवंसं वाटणं आणि पैसे जाणं यांच्यात पूर्वी जो थोडा वेळ असायचा, ज्यात माणूस विचार बदलू शकायचा, तो वेळच कुणीतरी उचलून नेलाय असं मला वाटतं. माझ्यापुरतं बोलायचं तर समजून खर्च करणं म्हणजे तो वेळ परत आणणं, बाकी काही नाही. काटकसर ही वेगळी गोष्ट आहे, ती गरज असेल तेव्हा करावीच, पण मी इथे तिच्याबद्दल बोलत नाहीये.

सुरुवात मी ॲपने केली होती हेही सांगते. ॲप छान होतं, सगळे खर्च आपोआप वेगवेगळ्या गटात टाकायचं, रंगीत गोल काढून दाखवायचं, महिनाअखेरीला मी तो गोल बघायचे आणि पुढच्या महिन्यात गोल तसाच यायचा. दोन महिन्यांनी कळलं की लक्ष ठेवायचं काम ॲप करतंय, मी नाही.

मग मला आईची वही आठवली. आम्ही लहान असताना आई रोज रात्री सगळं आवरल्यावर जमाखर्च लिहायची, पाठीमागे पाय मुडपून, पेन्सिलीने, आणि हिशोब लागला नाही की बाबांना विचारायची, "अहो, तुम्ही आज कुठे काही दिलंत का?" मला ते तेव्हा गरिबीचं लक्षण वाटायचं. नंतर वाचलं की जपानमध्ये याला काकेबो म्हणतात आणि हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची अशी वही पहिल्यांदा छापून आणली. त्यात महिना सुरू व्हायच्या आधीच किती मागे टाकायचं ते ठरवायचं आणि महिना संपला की बसून मागे वळून बघायचं, आणि सगळं हाताने लिहायचं. हाताने का, तर लिहायला वेळ लागतो म्हणून. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण ती जे करत होती ते तेच होतं, आणि तिने कधी कुणापुढे हात पसरला नाही याचा संबंध मी इतक्या वर्षांत त्या वहीशी जोडलाच नव्हता.

तर मी एक साधी वही घेतली. काय घेतलं, किती गेले, हे दोन रकाने तर सगळेच करतात. मी तिसरा एक केला, घेताना मी कशी होते. एकच शब्द लिहायचा. कंटाळलेले, चिडलेले, घाईत, खूश, एकटी, ठरवून. पहिला आठवडा फार कृत्रिम वाटलं, मग सवय झाली. आणि महिना संपल्यावर वेगळ्या रंगाच्या पेनाने प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारून खूण केली, हे आज परत घेतलं असतं का? हो किंवा नाही. मधलं उत्तर नाही, "तसं उपयोगी आहे पण" असलं काही नाही.

मला वाटतं या सगळ्यात खरा बदल त्या खुणांनी केला. "ठरवून" लिहिलेल्या ओळींपुढे जवळजवळ सगळीकडे हो आलं, त्यात काही चांगले महाग खर्चसुद्धा होते. "चिडलेले" आणि "कंटाळलेले" यांच्यापुढे दहातल्या आठ ठिकाणी नाही. आणि मग तारखा बघितल्या तर अजून एक गोष्ट दिसली जी मला स्टेटमेंटमध्ये शंभर वर्षं दिसली नसती, की नाहीवाले खर्च बरेचसे गुरुवारी रात्री साडेदहानंतरचे होते. गुरुवारी आमची आठवड्याची मीटिंग असते. त्या मीटिंगमध्ये मी काय ऐकून घेते ते इथे लिहीत नाही, पण घरी येऊन जेवून मोबाईल हातात घ्यायचा आणि काहीतरी मागवायचं, हे मी दर गुरुवारी करत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे मी वस्तू घेतच नव्हते, मी तो दिवस पुसत होते.

यावरसुद्धा अभ्यास आहे. सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेला. लोकांना आधी एक दुःखी व्हिडिओ क्लिप दाखवली, दुसऱ्या गटाला साधी, आणि मग एका पाण्याच्या बाटलीसाठी किती द्याल विचारलं. दुःखी क्लिप बघितलेल्यांनी कितीतरी जास्त पैसे द्यायची तयारी दाखवली, आणि विचारल्यावर म्हणाले की क्लिपचा आमच्यावर काही परिणाम झाला नाही. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कारण मलाही कुणी विचारलं असतं तर मीही अगदी मनापासून हेच म्हणाले असते.

गुरुवारचं मी काय केलं, तर मीटिंगनंतर एका मैत्रिणीला फोन करते, ती नसेल तर चालत घरी येते, मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत. बस एवढंच. खरेदीची इच्छा दाबत बसावं लागलं नाही कारण ती इच्छा मुळात खरेदीची नव्हतीच.

बाकी मी केलेले बदल अगदी साधे आहेत पण लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरं. सगळीकडून सेव्ह केलेली कार्डं काढून टाकली, त्यामुळे आता प्रत्येक वेळी उठून पर्स आणावी लागते आणि सोळा आकडे टाकावे लागतात, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही पण निम्म्या वेळा मी उठतच नाही. सेलचे सगळे मेसेज आणि नोटिफिकेशन बंद केले. आणि वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी एक यादी सुरू केली, जे काही हवंसं वाटेल ते तारीख घालून तिथे लिहायचं, छोटी वस्तू असेल तर तीन दिवस आणि मोठी असेल तर तीस दिवस थांबायचं. पहिल्या सहा महिन्यांत तिथे ४१ गोष्टी लिहिल्या गेल्या, त्यातल्या १२ घेतल्या. उरलेल्या २९ मी मन मारून सोडल्या असं अजिबात झालं नाही, त्या आपोआप विझल्या, काहींपुढची तारीख बघून मला वाटलं की हे का हवं होतं बरं मला. आणि ज्या बारा घेतल्या त्या इतक्या आनंदाने वापरतेय! आधी घेतलेल्या वस्तूसोबत एक बारीक टोचणी यायची, ती गेली.

एक गोष्ट मात्र थांबूनही चुकते, ती म्हणजे एका वस्तूमागून दुसरी येणं. देनी दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६९ मध्ये यावर एक निबंध लिहिला होता, त्याला एक झकास नवा झगा मिळाला आणि त्या झग्यापुढे घरातलं सगळं जुनं सामान त्याला भिकार दिसायला लागलं, मग एकेक करून सगळं बदललं आणि शेवटी तो जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने या प्रकाराला दिदेरोचंच नाव दिलं. माझा झगा म्हणजे घरून काम करायला घेतलेलं टेबल. टेबल आलं तर खुर्ची शोभेना, खुर्ची आली तर दिवा हवा, मग मागची भिंत रिकामी दिसायला लागली म्हणून शेल्फ. टेबलाच्या खर्चाच्या तिप्पट पैसे टेबलानंतर गेले. आता यादीत मोठी वस्तू लिहिताना शेजारी लिहून ठेवते, हिच्यामागे अजून काय येईल, आणि किंमत त्या सगळ्यांची धरते.

सबस्क्रिप्शनचं सांगायचं तर ते वहीत येतच नाही हाच त्याचा धोका. पैसे देण्याचा क्षण एकदाच येतो, नंतर खात्यातून आपोआप जात राहतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांचा २००६ चा जिमवरचा अभ्यास आहे, महिन्याची फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी पाच वेळासुद्धा जात नव्हते, प्रत्येक वेळचे सुटे पैसे भरले असते तर त्यांना स्वस्त पडलं असतं. पण आपण फी भरतो ती उद्याच्या आपल्यासाठी, आणि उद्याची आपण रोज व्यायाम करणारी, भाषा शिकणारी, भरपूर वाचणारी असते ना! मी माझी नऊच्या नऊ सबस्क्रिप्शनं बंद केली आणि ठरवलं की ज्याची खरंच आठवण येईल ते परत घ्यायचं. तीन परत घेतली.

आता थोडं कडू बोलते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर वही, यादी, तीस दिवस, या सगळ्याच्या आधी ती फेडा. माझी होती, आणि मी दर महिन्याला कमीत कमी रक्कम भरून निवांत राहायचे कारण बिलावर ती रक्कम ठळक छापलेली असते आणि ती भरली की काही काळजी नाही असं वाटतं. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते व्याजावर व्याज चढत वर्षाला ४२ टक्क्यांच्याही वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांच्या आत रक्कम दुप्पट होते. ज्या वस्तू मला आठवतही नव्हत्या त्यांचं व्याज मी भरत होते. ती थकबाकी फिटायला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत बोनसही तिथेच टाकला. बोनसच्या बाबतीत आपलं मन फार फसवतं, पगारातले पैसे आपण जपून वापरतो आणि बोनस मिळाला की तो जणू वरचा, उडवायचाच. रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या वेगवेगळ्या कप्प्यांवर खूप काम केलंय, त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कप्पे वाईट नसतात, उलट त्यांचा फायदा करून घेता येतो. मी पगार आला त्याच दिवशी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकते, ज्याचं कार्डच मी घेतलेलं नाही. जे उरलं ते माझं, तेवढ्यात महिना. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम जमायला थकबाकी फिटल्यावर चौदा महिने लागले.

नवऱ्याशी या सगळ्यावरून सुरुवातीला वाजलं. त्याला वाटलं मी त्याच्याकडून हिशोब मागतेय, आणि खरं म्हणजे मी मागतच होते. माझ्या वहीतल्या खुणा मी त्याच्या खर्चांपुढेही करायला लागले होते, ते चूक होतं. कुणाला काय परत घ्यावंसं वाटेल हे दुसऱ्याने ठरवायचं नसतं. शेवटी आम्ही घरखर्च एकत्र ठेवला आणि दर महिन्याला दोघांना सारखीच एक रक्कम, जिच्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. तेव्हापासून शांतता आहे, आणि गंमत म्हणजे आता तो स्वतःहून सांगतो कशावर गेले ते.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण अशा विषयावर लिहिणारे लोक ती विसरतात असं मला वाटतं. हे सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे गरजा भागून थोडं उरतं आणि तरी उरत नाही. ज्यांची कमाईच घरभाडं आणि औषधं यात संपते त्यांना "समजून खर्च करा" सांगणं हा अपमान आहे. ते आपल्या दसपट समजून खर्च करतात, प्रत्येक नाणं दोनदा फिरवून बघतात, त्यांना कमी पडतात ते पैसे, लक्ष नाही. आणि आपल्यासारख्यांनीही छोट्या खर्चांच्याच मागे लागू नये, घर, गाडी, कर्जाचे हप्ते, हे मोठे निर्णय एकदाच घेतले जातात आणि वर्षानुवर्षं पैसे खातात. मी गाडी बदलणार होते, हप्ता "परवडत" होता. तीस दिवस थांबले तेवढ्यात हातात पडणारा पगार माझ्या तासांनी भागून बघितला, जायचा यायचा वेळ धरून, आणि ती गाडी माझ्या आयुष्याचे किती महिने मागतेय ते दिसलं. जुनीच चालवतेय.

मध्ये एकदा १९ दिवस वही उघडलीच नाही, ऑफिसात वाईट काळ चालू होता. पूर्वीची मी असते तर मागचं सगळं भरत बसले असते किंवा सोडूनच दिलं असतं. ते दिवस कोरे ठेवले आणि ज्या दिवशी उघडली त्या दिवसापासून लिहिलं. ती कोरी जागा अजून आहे वहीत, आणि त्या महिन्याची शिल्लक बघितली की कोऱ्या जागेत काय झालं ते कळतंच.

काही खर्च वाढलेतसुद्धा. आईबाबांकडे जायचा प्रवास वर्षातून एकदाऐवजी चार वेळा. गाण्याचा क्लास, जो मी सात वर्षं "महाग आहे" म्हणून टाळत होते आणि त्याच सात वर्षांत त्याच्या कितीतरी पट पैसे गुरुवारी रात्री घालवले. चांगले बूट. यांच्यापुढे दर महिन्याला हो येतं.

दादाला मी ते निम्मे पैसे पाठवले, त्याने घेतले नाहीत, म्हणाला, "बाबांच्या नावाने ठेव, पुढे लागतीलच." ते वेगळ्या खात्यात ठेवलेत आणि त्यात अधूनमधून भर टाकायची असं ठरवलंय. वहीत ती ओळ येते तेव्हा तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते मला अजून सुचत नाही, म्हणून तो रकाना तेवढा मी मोकळा सोडते.

सध्या शेवटच्या पानावर एक कॅमेरा आहे. आज १९ वा दिवस. अजून रोज आठवतो म्हणजे बहुतेक घेईन, आणि तोवर कोणता घ्यायचा, लेन्स कोणती, सेकंडहँड मिळेल का, हे वाचत बसतेय संध्याकाळी, आणि हे वाचणंच सध्या इतकं छान चाललंय की अकरा दिवस पटकन संपू नयेत असं वाटतंय.